दोरावरचा चकाकता डाग

"मिस ओपल, तुम्ही खाली उतरता की वाटेत एक झोप काढता?"

हे विचारून दाखव, अशी पैज टॅन्सी आणि ब्री या माझ्या वर्गमैत्रिणींनी लावली होती. मी ते हॅग्लर विहिरीच्या काठावर, गुहांत दोराने उतरणाऱ्या आमच्या सगळ्या क्लबसमोर विचारलं. झाडावरचा सराव संपून लांब दोराची परवानगी मिळाल्यापासून माझी जीभ जरा जास्तच सुटली होती.

एकाहत्तर वर्षांच्या मिस ओपल हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाल्या, "काढते ना. स्वप्नंही पडतात. त्यात तुझ्यासारख्या टिवटिव करणाऱ्या पोरी येतात."

सगळे हसले. मीही हसले, पण मनात म्हटलं, थांबा, दाखवतेच आता.

हॅग्लर नावाचीच विहीर; खरं तर डोंगरातला कोरडा खड्डा, साडेचारशे फूट सरळ खाली. आपल्याला दोरावर रोखून धरतो तो रॅक: स्टीलची लांबट कडी आणि तिच्यावर आडव्या दांड्या, त्यांच्या आलटूनपालटून पुढून-मागून दोर जातो. जितक्या दांड्या जास्त, तितकं घर्षण जास्त. काठावर असताना खाली लोंबणाऱ्या दोराचंच वजन इतकं असतं, की चार दांड्यांवरही दोर हाताने वर सारावा लागतो. खाली जाऊ तसं ते वजन घटतं, म्हणून अर्ध्यावर थांबून पाचवी दांडी चढवायची. मला सगळं पाठ होतं.

नाही चढवली. मजा येत होती म्हणून नाही चढवली. भिंतीवरचं शेवाळ हिरव्या रेघा होऊन वर पळत होतं. मग दोर हातमोज्यातून असा सुळसुळत सुटला, की दांडी चढवायला हातच मोकळा होईना. खालून दोर ताणला की रॅक आवळतो; खाली दोर धरून उभ्या असलेल्या डॅडींनी तो जोरात ओढला आणि तळापासून साठेक फुटांवर मी गचकन थांबले. तिथेच लोंबकळत दांडी चढवली. तोवर तापलेला रॅक दोरावर एकाच जागी टेकलेला. जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. पुन्हा उतरायला लागले तेव्हा नाकासमोर दोरावर वीतभर डाग होता, चपटा, काचेसारखा चकाकणारा.

"उतरत होतीस की पडत होतीस?" डॅडींनी विचारलं आणि दोर माझ्या हाती देऊन ते डबा उघडायला गेले.

दोराला काही झालं तर खालच्याने वर ओरडून सांगायचं, म्हणजे येणारा त्या जागी सावध राहतो. मी ओरडले, "दोर मोकळा." तेवढंच.

मिस ओपल आल्या, त्यांच्या नेहमीच्या संथ चालीने. डागावर आल्या आणि एकदम हातभर घसरल्या. मी अंगाचं सगळं वजन टाकून दोर ताणला.

"बाई गं," खाली टेकल्यावर त्या म्हणाल्या, "हात सुटला वाटतं म्हातारीचा."

मी म्हटलं, "दमलात का?" खरंच, हेच म्हटलं मी.

रविवारी ओढ्यावर दोर धुतला. आम्ही तो उघड्या हातांनी धुतो, म्हणजे कुठे काही लागलं तर बोटांना कळतं. दोर सांभाळणाऱ्या फेरिसच्या बोटांना कळलं.

"हा कुणी भाजला?"

मिस ओपल वाकून बघत म्हणाल्या, "टोकापासून साठ फूट? मी तिथेच घसरले होते. माझंच काम."

फेरिस पाण्याकडे बघत राहिला. "मिस ओपल, मग नियम..."

"मला काय सांगतोस, मीच केलाय तो. दोर भाजला की पुन्हा झाडावरचा तीस फुटी दोर, बारक्या पोरांबरोबर. वर्षभर." त्यांनी ओले हात पँटला पुसले. "बहात्तराव्या वर्षी पुन्हा झाड."

मी एकाच जागी साबण घासत होते. शेजारच्या डॅडींनी माझा हात धरून पुढे सरकवला.

रात्री जेवताना मॉमा म्हणाली, "वय झालं बिचारीचं. आता लांब दोर कायमचाच सुटेल."

"चाळीस वर्षांत त्यांनी एक धागा खराब केला नव्हता," डॅडी म्हणाले.

मी हातातला मक्याचा पाव ताटात ठेवला.

"दोर मी भाजला," मी म्हटलं. "डाग तेव्हाच पाहिला होता, आणि गप्प बसले. क्लबच्या मंगळवारच्या सभेत मी उभी राहून हे सांगणार आहे, मिस ओपलच्या समोर. तुम्ही दोघांनी मध्ये बोलायचं नाही."