दातदुखीची कॅप्सूल

खसखशीच्या दाण्याएवढा तो ठिपका बरणीच्या काचेला टेकला, थांबला, आणि झटक्यात उडी मारून वर गेला... धाड काय भरलीय त्यांना! हे पाणकिडे पोहतात, खातात — नुसती अंडी तेवढी घालत नाहीत. बारा दिवस झाले. माद्यांच्या शेपटीशी दोन्ही अंगांना अंड्यांच्या पिशव्या लोंबायच्या. आता काही नाही. समुद्रातून आणून लेकीनं चार वर्षं वाढवलेला हा वंश, तिचं प्रयोगाचं सगळं काम यावरच, आणि एकेक म्हातारी मादी मरत चाललेली... चार बाळंतपणं निभावून कुणापुढं मान खाली न घातलेली आई सकाळपासून या बरणीपुढं बसून होती.

“मीच केलं गं,” ती एकदाची म्हणाली. “पाण्याला वास मारत होता. माझ्या दाताची कॅप्सूल उरली होती, ती फोडून टाकली. म्हटलं, जंतू मरतील.”

लेक वळली. ओरडली असती तर बरं — उलट चार शब्द सुनावता आले असते.

“मेले ना जंतू,” लेक हळूच म्हणाली. “यांच्या अंगावरचे, पोटातले. त्यांच्यावाचून यांना अंडी धरत नसावीत, आई.”

“काहीतरीच! शाळा कमी शिकले असेन, बाळंतपणं तुझ्यापेक्षा जास्त केलीत.”

“मला तरी कुठं खात्री आहे?” पाणी लेकीनं केव्हाच बदललं होतं, आता बंदरातलं गढूळ पाणी थेंबथेंब सोडलं. “या पाण्यातले जंतू रुजले तर रुजले.”

“आणि नाही रुजले तर?”

“तर संपलं.”

आईनं भिंगाला डोळा लावला. काचेसारखं आरपार अंग. आत आतड्याची हिरवी रेघ आक्रसतेय, सुटतेय... त्या एवढ्याशा रेघेत गाव नांदत होतं आणि मी ते एका कॅप्सूलनं उठवलं — जन्मभर घासलं, पुसलं, उकळलं, दिसत नाही ते वाईटच असं धरून. आणि माझ्यात? थोरली झाली, मधले दोघे, मग ही... दर वेळी ठणकावून सांगितलं, कुणाची मदत घेतली नाही म्हणून. तेव्हाही आत कुणी राबत असेल, हजारोंनी, न बोलावता, न मिरवता...

मादी वळली. दोन्ही अंगं रिकामीच. तरी आई भिंगापासून हलली नाही. श्वाससुद्धा जपून घेत होती — भरल्या घरात सगळे निजलेले असताना घ्यावा, तसा.