राजश्रीचा ताप

करोनाची लस घेतली त्याच संध्याकाळी राजश्रीला थंडी वाजून ताप भरला. भवानी पेठेतल्या आशा सेविकांमध्ये तिनंच हौसेनं आधी दंड पुढं केला होता. अंगावर दोन वाकळा असूनही दातावर दात आपटत होते. शेजारच्या नागम्मानं आणि तिच्या नवऱ्यानं, तिप्पण्णानं, तिला उचलून रिक्षात घातलं तेव्हा सारी गल्ली दारात उभी होती.

सकाळी लसीकरण केंद्रावरून फोन आला, काही त्रास होतोय का म्हणून. राजश्रीनं होतं तसं सांगितलं. ताप उतरल्यावर कामावर गेली, तर सुपरवायझर मॅडम चिडल्या.

"फोनवर सांगितलंस ते ठीक. गल्लीत कशाला बोभाटा?"

"मी कुठं केला मॅडम? सगळ्यांनी बघितलंच की."

मार्चमध्ये म्हाताऱ्यांची लस सुरू झाली. राजश्री दारोदार हिंडली. "ताप येतो, दोन दिवसांत जातो. मी उभी हाय की तुमच्यापुढं." ताप येतो, एवढंच लोकांनी ऐकलं. तिप्पण्णा जुना विणकर, त्यात दमेकरी.

"तू तरणी म्हणून उठलीस पोरी," तो म्हणाला. "मी उठणार का?"

तिनं रोज विनवलं. शेवटी तिची चाहूल लागली की तो आतून कडी लावायचा.

एप्रिलमध्ये त्याला धाप लागली. नागम्मा आणि राजश्री त्याला रिक्षात मधे धरून दवाखान्यांमागून दवाखाने फिरल्या. कुठंच खाट नव्हती. एका फाटकावर राजश्रीनं वॉचमनचे पाय धरले.

"मी आशा हाय दादा. एवढं एक माणूस आत घ्या."

"ताई, आतली माणसं जमिनीवर हायेत," तो म्हणाला आणि दुसरीकडं बघू लागला.

ती रिक्षाकडं परत आली तेव्हा तिप्पण्णाची मान नागम्माच्या खांद्यावर कलली होती. नागम्मा त्याच्याशी तेलुगूत बोलतच होती. बराच वेळ राजश्रीला तिला थांबवण्याचा धीर झाला नाही.

पुढं महिनाभर नागम्मा तिच्याशी बोलली नाही. मग एके दिवशी आपणहून दारात आली.

"मला ताप आला तर जवळ बसशील?"

"बसते मावशी."

दोघी केंद्रावर गेल्या. लस संपली होती. परत कधी येणार, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. नागम्मा तिथंच पायरीवर बसली.

"घरी जाऊन तरी काय करू?" ती म्हणाली.

राजश्री उन्हात तिच्याशेजारी टेकली.