डॉल्फिनदेवाची शेळी

शहागडच्या पुलाखाली, गोदावरीच्या वाळूत, चारशे शेळ्या आणि तितकीच शहाणी माणसं रांगेत उभी होती. साल २००३. शेळ्यांची बुळकांडी गावात शिरली होती. ताप, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्यात खेळ खलास. मी तिथला जनावरांचा डॉक्टर. लस घेऊन दवाखान्यात बसलो, तर दोन कोंबड्या तेवढ्या आल्या, त्याही दाणे टिपायला.

गर्दी सगळी दर्याबाबाकडं. या दर्याबाबानं समुद्र पाहिला असेल तर कॅलेंडरवर! पण समोर हार घातलेला डॉल्फिनचा फोटो, बाटलीत त्याचं म्हणे तेल, आणि शेळ्यांना तीर्थ पाजायला पाण्याची लांबलचक डोण.

"बघा, देव हसून राह्यला!" बाबा गरजला. "सात समुद्रांचा मालक. याला रोग न्हाई, राई न्हाई. याच्या तेलाचं पाणी पाजा, बुळकांडी फरार! पण सुई टोचाल तर देव कोपंल, सांगून ठेवतो!"

पुरावा म्हणून त्याची स्वतःची शेळी उभी होती. तोंडभर हळदीकुंकू फासलेली. आठ दिवस ती आजारी शेळ्यांच्या उष्ट्या डोणीत पाणी पीत होती आणि ठणठणीत होती.

"आता बोला की, डॉक्टर!" सरपंच अप्पाराव मिशीत हसले. 

एवढ्यात साळूबाई तीन शेळ्या ओढत आली. चार शेळ्यांवर या एकट्या बाईचं घर चालायचं. चौथी, काळी, धडधाकट असताना पहिल्याच दिवशी हे तीर्थ प्यायली होती. आता ती अंग टाकून पडली होती. माझं एवढं एकच ऐकून साळूबाईनं तिला वेगळी बांधली होती.

"म्हाराज, काळी तर उठंना."

"भक्ती कमी पडली, बाई. या तिघींना दोनदा पाजा."

माझं डोकंच फिरलं. "अरे, तुझ्या देवालाच असला रोग होतो! दहा-बारा वर्षांखाली भूमध्य समुद्रात डॉल्फिन ढिगानं मेले. तो विषाणू बुळकांडीच्या भावकीतला, आपल्या गोवराच्याही भावकीतला. आणि हा तुझा देव हसत नाही, त्याच्या तोंडाची ठेवणच तशी. मरतानाही तो हसराच दिसतो!"

लोक खो खो हसले. मलाच! साळूबाई मात्र थांबली.

"गोवराची भावकी? मंग हे बी एकदा झालं की पुन्हा होत न्हाई का?"

"पुन्हा बिलकुल होत नाही."

तिनं बाबाच्या शेळीकडं पाहिलं. पदर पाण्यात बुडवला आणि शेळीचं तोंड खसाखसा पुसलं.

"अगं ए, बाटलं!" बाबा ओरडला.

हळदीखाली ओठाभोवती वाळक्या खपल्या होत्या.

"हिला तर होऊन गेलंय की!" साळूबाई कडाडली. "म्हणून पुन्हा होईना! तेलाचं काय घेऊन बसलात?"

मी जोर धरला. "बराबर! रोगातून वाचलेली शेळी आणून उभी केली यानं. आणि हे तीर्थ? आजारी शेळीची लाळ निरोगी शेळीच्या तोंडात. रोगाची पाणपोई घातलीत तुम्ही!"

अप्पारावांनी स्वतः डोण पालथी केली. बाबाला तेवढ्यात समुद्राचं बोलावणं आलं. एका ट्रकवर चढून तो बीडकडं गेला. तिकडं कुठला समुद्र आहे, ते त्यालाच ठाऊक. शेळी मागंच राहिली.

साळूबाईच्या तिघींना पहिली लस टोचली. त्या तिन्ही जगल्या. काळी मात्र त्याच संध्याकाळी गेली. साळूबाई ढसाढसा रडली.

"पदर तर पहिल्या दिवशी बी माझ्याच खांद्यावर होता, डॉक्टर. तवाच पुसलं असतं तर?"

 तुम्हाला एवढं सांगतो, बाबांनो. चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी त्याचं तोंड पुसून बघा. खरा असेल तर पुसल्यानं बिघडत नाही. आणि खोटा असेल, तर निदान आपली काळी वाचते.