स्टेशन ते स्मशान, मार्गे इस्पितळ

शहाडच्या रस्त्याला, नदीच्या अलीकडे नवं इस्पितळ उभं राहिलं आणि कल्याण स्टेशनपासून तिथवर बस आणायचं काम इस्पितळाच्या कमिटीने श्रीपादरावांच्या गळ्यात घातलं. त्यांनी ते हौसेने घालून घेतलं. थोरली बहीण उत्ताक्का दम्याने बेजार होती, आणि इंजेक्शनला जायचं तर टांग्याच्या हादऱ्यांनीच तिचा जीव वर यायचा.

बस आली. पण इस्पितळासमोर ती वळेना. बांधणाऱ्यांनी खाटांचा विचार केलेला, चाकांचा नाही. ऐसपैस जागा एकच, थोडं पुढे, स्मशानासमोर. बस तिथे जाऊन वळू लागली. जिथे वळते ते ठिकाण पाटीवर हवंच, असा बसवाल्यांचा नियम. रंगाऱ्याने ठळक रंगवलं: 'स्टेशन ते स्मशान, मार्गे इस्पितळ'.

उत्ताक्का चांगलं लुगडं नेसून भावाचा हात धरून स्टॉपवर आली. पाटी वाचली.

"श्रीपाद, मला एवढी घाई नाही रे," म्हणाली आणि घरी परतली.

श्रीपादरावांनी भांडून 'स्मशान' खोडून 'नदी' लिहून घेतलं. त्या रविवारी डोंबिवलीची मंडळी सहलीचे डबे घेऊन थेट चितेसमोर उतरली. त्यात मयताला गेलेले लोक ओल्या धोतरांनी याच बसने परतायला लागलेले. त्या बाकांवर आजारी माणूस बसणार कसा? कंडक्टर दगडूने बाकांवर गोमूत्र शिंपडून पाहिलं, तर वासाने उरलेसुरलेही उतरले.

श्रीपादराव आक्काला सांगत राहिले, थोडं थांब, इस्पितळासमोर बस वळायच्या जागेचा ठराव येतोय. टांगा मागवू का, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही. आक्का थांबली. ठराव यायच्या आत गेली.

तिला नदीवर पोचवून श्रीपादराव सगळ्यांच्या मागून एकटेच ओल्या अंगाने निघाले, तर समोर बस वळत होती.

"बसा दादा, तुमचीच आहे," दगडू म्हणाला. ते बसले.

इस्पितळाच्या स्टॉपवर तापलेलं पोर कडेवर घेऊन एक बाई उभी होती. तिने पायरीवर पाय ठेवला, आतलं ओलं धोतर पाहिलं, पाय मागे घेतला. श्रीपादराव घाईने खाली उतरले.

"बसा बाई. मी जातो चालत."

"आता काय उपयोग," ती हळूच म्हणाली. "तुम्ही बसलेलात ना."

बस रिकामीच गेली. बाई पोराला घेऊन चालू लागली. तिला शिवायला नको म्हणून श्रीपादराव बरेच मागून चालत राहिले.