वडीचा गाभा

कामशेतच्या प्रयोगशाळेत इफ्फतच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणत. रुग्णाच्या गुडघ्यातून काढलेल्या कूर्चेच्या पेशी ती जेलमध्ये कालवायची, खरवसासारख्या वड्या पाडायची आणि उबदार पेटीत जगवायची. जेलमधून झिरपेल तेवढ्याच अन्नावर आणि हवेवर त्या बिचाऱ्यांनी जगायचं, म्हणून वडी पातळ हवी. पण गोरखभाऊ या रुग्णाच्या गुडघ्यात कूर्चा झिजून पडलेला खड्डा खोल निघाला आणि प्रयोगशाळेचे प्रमुख प्रज्ञेश सर यांनी वडी जाड पाडायला लावली. एक गुडघ्यासाठी, तशीच दुसरी तपासायला.

सकाळी इफ्फतने तपासणीची वडी मधोमध कापून रंग घातला. जिवंत पेशी हिरव्या दिसतात, मेलेल्या लाल. कडेला हिरवी रेघ होती, आत सगळं लालच लाल.

"सर, गाभा मेलाय. गुडघ्यासाठीची वडीही अशीच असणार, ती आत बसवली तर आहे तो गुडघाही जाईल."

"हॉस्पिटलला फक्त कडेचा फोटो पाठव. उद्या ऑपरेशन आहे, आता माशी शिंकायला नको," म्हणून सर गुडघ्यासाठीची वडी हॉस्पिटलला न्यायच्या पेटीत भरायला निघून गेले.

इफ्फतला संताप आला, पण नोकरीची भीती त्याहून मोठी होती. दुपारी गोरखभाऊ स्वतःच आले. कुरवंड्याचा हा गडी पर्यटकांना डोंगर दाखवून पोट भरायचा. आता प्रयोगशाळेचा जिना चढतानाच घामाघूम झाला होता.

"ताई, माजं बियाणं कसं हाय, बघू द्या की."

तिने त्यांना पडद्यासमोर बसवलं. आपण तोंड उघडायचंच नाही, चित्रच काय ते सांगेल. सापही मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा तिचा हिशेब.

आधी हिरवी कड आली. भाऊंचा चेहरा उतरला.

"आरं द्येवा, शेवाळ धरलं का काय?"

इफ्फतने घाईघाईने चित्र आत सरकवलं. पडदा लाल झाला आणि भाऊ खुर्चीतच हसायला लागले.

"हां, आत्ता कसं! रगत भरलंय लय. जित्तं हाय न्हवं, ताई?"

दारात प्रज्ञेश सर पेटी घेऊन उभे होते. "सांग की त्यांना," ते गोड आवाजात म्हणाले.

इफ्फतने सरांच्या हातातल्या पेटीकडे पाहिलं. खरं एका शब्दात सांगता आलं असतं.

"हो भाऊ," ती म्हणाली. "जिवंत आहे."

भाऊ तिच्या पाया पडायला उठले. गुडघा वाकेना, तोल गेला, तेव्हा इफ्फतनेच त्यांना धरून सावरलं.