छकुलीची गोळी

औषधाला तीन नावं असतात, हे वंदनाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं. एक रसायनाचं लांबलचक, परीक्षेपुरतं पाठ करायचं. दुसरं मूळ औषधाचं, कुठल्याही कंपनीनं बनवलं तरी तेच राहणारं. तिसरं कंपनीनं दुकानासाठी ठेवलेलं. खामगावच्या नर्सिंग कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली ही पोरगी औषधांच्या विषयात वर्गात पहिली होती आणि त्याचा तोरा तिच्या चालण्यात दिसायचा. पण तिच्या घरात एका औषधाला चौथं नाव होतं आणि घरात तेवढंच चालायचं. छकुलीची गोळी.

छकुली तिची थोरली बहीण. बाराव्या वर्षी शाळेच्या मैदानात तिला पहिली फिट आली. तेव्हापासून सकाळी एक गुलाबी गोळी, आणि गोळी चालू असली की छकुली कुणाहीसारखी, किंबहुना चार जणींपेक्षा कामाला वाघ. पण गावाला गोळी दिसत नाही, फेफरं दिसतं. दोन ठिकाणची बोलणी मोडल्यावर तेल मिलमध्ये वजनकाट्यावर बसणारे निवृत्तीराव, म्हणजे या पोरींचे वडील, शहाणे झाले. दुसरबीडचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी तोंड उघडलंच नाही. तिकडच्यांनी पत्रिका विचारली, रंग पाहिला, स्वयंपाक पाहिला, चार पावलं चालवून पाहिलं. आजाराचं कुणी विचारलं नाही, आणि न विचारलेलं सांगायची आपल्याकडे पद्धत नाही.

राहिला प्रश्न गोळीचा. सासरी रोज पाकीट फोडणार कशी? तो वंदनानं सोडवला. तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती, अंगावर नवाकोरा पांढरा कोट, आणि घरात तिचा शब्द डॉक्टरच्या खालोखाल. तिनं लोहाच्या गोळ्यांची रिकामी डबी आणली, पाकिटातल्या गुलाबी गोळ्या एकेक करून तीत काढल्या आणि झाकण लावून म्हणाली, "घे ताई. कोनी इचारलं त सांग, रक्त कमी हाये. आर्ध्या बायाईले कमीच असते."

सगळे हसले. आईनं तर तिच्यावरून बोटं मोडली. निवृत्तीराव म्हणाले, "शिकवल्याचं सार्थक झालं." त्यानंतर दर महिन्याला ते हॉस्टेलवर औषध आणून द्यायचे, वंदना हॉस्टेलच्या कॉटवर बसून गोळ्या डबीत काढायची आणि दुसरबीडकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवायची. पाकिटावर मूळ नाव छापलेलं असायचं. तिच्या अंगठ्याखाली असायचं ते. तिनं कधी वाचलं नाही. घरातल्या गोळीवर काय वाचायचं?

वर्गात मात्र तेच नाव तिनं दहादा वाचलं, वहीत लाल शाईनं लिहिलं. गरोदरपणात कुठलं औषध किती घातक, याचा जुना इंग्रजी अक्षरांचा तक्ता परीक्षेला यायचा. ए म्हणजे निर्धोक, पुढं धोका वाढत जातो, डी म्हणजे बाळाला इजा होते असा पुरावा आहे, एक्स म्हणजे हातच लावायचा नाही. सोडियम व्हॅलप्रोएट, डी. बाळाचा पाठीचा कणा. चाचणीत तिला वीसपैकी वीस पडले. त्याच आठवड्यात छकुलीचा फोन आला होता, दिवस गेलेत म्हणून. वंदनानं सगळ्या हॉस्टेलला पेढे वाटले.

पुस्तकातलं नाव पुस्तकात राहिलं आणि घरातली गोळी घरात. हुशार माणसाचं असंच होतं, त्याला सगळं येत असतं म्हणून तो काही तपासत नाही.

पडदा उठला तो गरोदर बायांच्या ओपीडीत. फिट येणारी एक बाई तपासायला आली होती. डॉक्टरांनी तिला मूल ठरवायच्या आधी का आली नाहीस म्हणून झापलं आणि मागं उभ्या असलेल्या पोरींना विचारलं, "व्हॅलप्रोएट. वर्ग कोणता?"

"डी, सर. कण्याचे दोष. गोळी एकदम बंद करायची नाही, फिट येते. तज्ज्ञाकडून बदलून घ्यायची," वंदनानं एका दमात सांगितलं.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले आणि बाईनं टेबलावर ठेवलेलं पाकीट वंदनाकडे सरकवलं. "पाहून ठेवा."

गुलाबी गोळ्या होत्या. तेच पाकीट, तीच कंपनी. वंदनानं त्या पाकिटावरचं नाव पहिल्यांदा वाचलं. छकुलीला तेव्हा पाचवा महिना लागला होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती निघाली. मेहकरला गाडी बदलली. वाटेतलं सुलतानपूर मागं पडलं तरी काय बोलायचं ते ठरत नव्हतं. दुसरबीडच्या घरात तिचं स्वागत मात्र जोरात झालं. छकुलीची सासू सुभद्राबाई माणूस म्हणून लाखात एक. सुनेला काम करू देत नव्हती, सुनेच्या वऱ्हाडी 'मले-तुले'ची टिंगल करायची पण मायेनं. चहा झाल्यावर तिनं फळीवरची ती डबी काढली, दोन गोळ्या छकुलीच्या तळहातावर ठेवल्या आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

"दोन?" वंदनाच्या तोंडून निघालं.

"मग! एकीनं काय होतंय? पोटात लेकरू हाय," सुभद्राबाई म्हणाली. "आशाताईनं सरकारी गोळ्या आणून दिल्यात, पण त्या ठेवल्या मी बाजूला. नर्स बहीण इतक्या लांबून पाठवती, त्या चांगल्याच असणार. दिवस राहिल्याचं कळलं तवापासून दोन देते. माझ्या हातानं देते, इसरायला नको."

छकुलीनं मान खाली घालून दोन्ही गिळल्या. गेले दोन महिने गोळ्या लवकर संपल्या म्हणून ती फोन करत होती, आणि वंदना का म्हणून न विचारता पाठवत होती. ते आता तिला आठवलं.

मागच्या अंगणात बहिणी एकट्या सापडल्या. "तू दुसरी नको म्हनून सांगू नाही शकत?" वंदना कुजबुजली.

"काय सांगू? लोहाची गोळी काऊन नको म्हनतं, असं इचारलं त?" छकुलीनं दोन्ही हात पुढं करून दाखवले. "चक्कर येते. हात पाय कापून राह्यले. म्या म्हटलं, दिवसाईनं होत असन."

वंदनानं तिला सांगितलं. सगळं नाही, निम्मं. गोळी बाळाला चांगली नाही, डॉक्टरांना खरं सांगावं लागेल. छकुलीनं तिचं मनगट इतकं आवळलं की बांगड्या रुतल्या.

"वर्ष झालं मले या घरात. कोनी मले फिटवाली म्हनत नाही. तू सांगशील त मी उद्या बाबाच्या दारात. मंग जलमभर पोसशीन मले?" ती म्हणाली. "तूच डबी देल्ली व्हती ना? मंग तूच निस्तर. पन सांगू नोको."

सुभद्राबाईला वंदनानं एवढंच सांगितलं की एकच गोळी पुरे, जास्त लोहानं पोट बिघडतं. आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी लगेच करून घ्या. गोळी बदलायला हवी होती, तज्ज्ञाला दाखवायला हवं होतं, हे सगळं तिला येत होतं. पण बहिणीचा संसार आणि बहिणीचं लेकरू यांत तिनं संसार धरला, आणि लेकरू देवाच्या भरवशावर सोडलं.

चार दिवसांनी मेहकरला सोनोग्राफी झाली. वंदना मुद्दाम आली होती. डॉक्टरीणबाईंनी तोच भाग तीनदा पाहिला, मग सगळ्यांना आत बोलावलं. छकुली, तिचा नवरा गजेंद्र, सुभद्राबाई आणि वंदना. बाळाचा कणा खाली उघडा राहिलाय, डोक्यात पाणी साठतंय, त्या म्हणाल्या. मूल ठेवायचं की नाही, हे मोठ्या दवाखान्यात दाखवून लवकर ठरवावं लागेल.

"घरात असं कुणाला होतं? गरोदरपणात काही औषधं चालू होती?"

"छे वो," सुभद्राबाई पदर तोंडाशी नेत म्हणाली. "रक्ताची गोळी तेवढी. ती मी माझ्या हातानं दिली, एक दिस चुकवला न्हाई."

छकुलीनं वंदनाकडे पाहिलं. तिच्या नजरेत अजूनही 'नको' होतं. पण वंदनाला दिसत होतं ते वेगळंच. ही बाई घरी जाऊन जन्मभर हिशोब लावत बसेल, माझ्या हातून काय चुकलं म्हणून. वंदनाला स्वतःची इतकी शिसारी आली की तोंड आपोआप उघडलं.

"सोडियम व्हॅलप्रोएट, मॅडम. दहा वर्षांपासून. रोज एक, मधे दोन महिने दोन. फिटसाठी," ती म्हणाली. तोंडी परीक्षेत सांगतात तसं सांगितलं. ओळीनं, न अडखळता.

गजेंद्रनं आधी बायकोकडे पाहिलं, मग मेहुणीकडे. उठला आणि बाहेर गेला. जाताना त्यानं दार आपटलं नाही, हळू लावून घेतलं. ते जास्त लागलं.

डॉक्टरीणबाईंनी फाईलवर लिहिलं. "गोळीमुळंच झालं असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण धोका होता, आणि दुप्पट डोस..."

"मी दुप्पट केली," सुभद्राबाई म्हणाली. तिचा चेहरा राखेसारखा झाला. "मी."

"नाही, मावशी." वंदना तिच्या पायाशी बसली. "कना पैल्याच महिन्यात बनते. कोनाले पत्ता लागाच्या आंधी. तुम्ही दोन द्याले लागल्या तवा होयाचं ते होऊन गेलं व्हतं. हे तुमच्या हातचं नाही. डबी म्या भरली. नाव म्या काढून फेकलं."

सुभद्राबाईनं तोंडावरचा पदर काढला. वंदनाला वाटलं, आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"फेफऱ्याचं सांगितलं असतं, तर ही सून मी केली नसती," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? नसतीच केली. पर मग नाही म्हटल्याचं पाप माझं माझ्या डोक्यावर असतं. तुम्ही मला नाही बी म्हणू दिलं न्हाई, आन् इख मात्र माझ्याच हातानं चारलं."



डॉक्टरीणबाईंनी अकोल्याच्या तज्ज्ञांना फोन लावला आणि चिठ्ठी लिहिली. उद्याच अकोला. तोवर गोळी बंद करायची नाही. अचानक बंद केली तर मोठी फिट येईल, आईच्याच जिवावर बेतेल. आजची राहिली असेल तर आत्ता एक द्या. वंदना खालच्या दुकानातून पाकीट घेऊन आली, एक गोळी काढली, पाण्याची बाटली उघडली आणि दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेल्या छकुलीपुढं तळहात धरला.

"घे ताई. ही घ्याच लागते."

छकुलीनं तोंड फिरवलं. "तुह्या हातची नाही."

वंदनानं गोळी सुभद्राबाईपुढं केली. सुभद्राबाईनं दोन्ही हात पदरात घेतले. गजेंद्र रस्त्यापलीकडं पाठ करून उभा होता, त्यानं वळूनही पाहिलं नाही. गोळी कशाची, किती, केव्हा, न घेतली तर काय होईल, हे त्या बाकावर आता सगळ्यांना माहीत होतं. आणि ती द्यायला एकही हात उरला नव्हता.