वाघोबाच्या खिंडीतली घुंगुरकाठी

मित्रांनो, आढ्याला खोचलेली ही काळी पडलेली काठी पाहिलीत ना? तीच मी. मी एक जुनी घुंगुरकाठी आहे. परवा कुणी तरी माझ्यावर ओलं धोतर वाळत घातलं. घाला बापडे! पण एके काळी राजमाचीच्या रानात माझ्या आवाजाशिवाय पाहुण्यांचं पाऊल पुढं पडत नसे.

शिदू कोळ्यानं मला भरीव बांबूच्या बेटातून तोडलं, बुडाला लोखंडी शेंबी ठोकली आणि वरच्या टोकाला बाजारातून आणलेली पितळी घुंगरं बांधली. लोणावळ्याच्या स्टेशनावर उतरणाऱ्या हौशी मंडळींना तो किल्ला दाखवायला न्यायचा. एका वेळी चार-पाचच.

"जास्त न्हाई न्यायची," तो म्हणायचा. "धुक्यात मानूस हरवाय येळ लागत न्हाई."

खरंच होतं ते. पावसाळ्यात त्या रानात स्वतःचा हात दिसत नसे. म्हणून पुढं शिदू मला आपटत चाले, मधे पाहुणे, आणि सगळ्यांच्या मागं डोक्यावर शिदोरीची पाटी घेतलेली त्याची बायको बाया. मी छुमकले की तिनं मागून "हाये!" म्हणायचं. ते ऐकलं की शिदू निश्चिंत होई. पाहुणे जाताना माझं कौतुक करत. मुंबईच्या एका बाईंनी तर मला लाल गोंडा बांधला. मग काय विचारता, मी चांगलीच शेफारले!

वाटेत वाघोबाची खिंड लागे. शेंदूर फासलेला धोंडा, दुसरं काही नाही. पण तिथं घुंगरू वाजवायचं नाही आणि तोंडातून शब्द काढायचा नाही, नाही तर वाघोबा कोपतो, असा रिवाज होता. बायाच्या भावाला तिथंच वाघानं नेलं होतं, म्हणून हा रिवाज तीच सगळ्यांत कडक पाळी. एकदा शिदू विसरला, तेव्हा तिनं धावत येऊन माझी घुंगरं मुठीत धरली. खिंड सरल्यावर म्हणाली, "जीव गेला तरी हितं वाजवायचं न्हाई. माजी आन हाय तुमाला." शिदूनं हसत मान डोलावली.

एका श्रावणात पाच पाहुणे होते. खिंडीच्या तोंडाशी शिदूनं मला वाजवलं, बायाचं "हाये!" आलं, आणि माझी घुंगरं मुठीत घेऊन तो आत शिरला. नेमकं तेव्हाच पाहुण्यांतल्या सगळ्यांत मागच्या एका मास्तरांना आठवलं, की छत्री मागं ओढ्यावर राहिली.

"तुमी व्हा फुडं मास्तर, मी आनते," बाया कुजबुजली आणि माघारी वळली. खिंडीत बोलायचं नव्हतं, म्हणून शिदूला हे तेव्हा कुणी सांगितलंच नाही.

आम्ही खिंडीत मध्यावर असताना बायाची हाक आली. "अवो, कुटं हायसा?"

आवाज कड्याच्या बाजूनं येत होता. ती वाट चुकली होती. शिदू जागीच थांबला. त्याची मूठ सैल झाली. वाजव रे, एकदाच वाजव! माझा जीव नुसता तळमळत होता. पण त्यानं मूठ पुन्हा आवळली. आण तिनंच घातली होती, आणि बरोबर पाच परकी माणसं होती. देव कोपला तर? हाक पुन्हा आली, आणखी लांबून. शिदू पाहुण्यांना ओढतच खिंडीबाहेर घेऊन गेला आणि मग मला वाजवू लागला. इतकं वाजवलं, की दोन घुंगरं तुटून पडली.

"हाये" आलं नाही.

धुकं उठल्यावर वाडीतल्या माणसांना ती कड्याखाली सापडली. छत्री जवळच पडली होती.

शिदूनं पाहुणे न्यायचं सोडून दिलं. पण धुकं दाटलं की तो मला घेऊन त्याच खिंडीत जाई आणि वाघोबापुढं उभा राहून वाजवी. "मानसापरीस आन मोठी केली म्या," असं त्या धोंड्याला सांगे आणि पोरासारखा रडे. वाघोबा एकदाही कोपला नाही.

शिदू गेला, भाच्यानं मला इथं खोचलं. गोंडा उंदरांनी खाल्ला. आता तीनच घुंगरं उरलीत.

मित्रांनो, मागून कुणाची हाक आली तर आधी ओ द्या, मग रिवाज बघा. आणि कधी मला खाली काढून वाजवलंत, तर तुमच्यातल्या एकानं तरी "हाये!" म्हणा. फार वर्षं झाली हो ऐकून.